परसातली मिरची

मिरची ही आपल्याकडे मुद्दाम विकत घेण्याची वस्तू कधी नव्हतीच. भाजीवालीकडून पाव किलो वांगी घेतली, अर्धा किलो भेंडी घेतली, पैसे दिले, पिशवी उचलली, की मग हात पुढं करून म्हणायचं, ‘बाई, मिरच्या-कोथिंबीर टाका की वर!’ चार हिरव्या मिरच्या आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या पिशवीत पडायच्या. तो व्यवहार नव्हता, नेहमीच्या गिऱ्हाइकाला दिलेला मान होता. आता हात पुढं केला की भाजीवाली दुसरीकडं पाहते. तिचंही बरोबर आहे. पावसाळ्यात मिरचीचा भाव कधी कुठं जाऊन बसेल याचा तिलाच भरवसा नसतो.

पण आमच्या लहानपणी मिरचीसाठी हात पुढं करायची वेळच येत नसे. माझं माहेर मुरब्याचं. पालघर तालुक्यातलं हे समुद्रकाठचं गाव. खाडीच्या एका काठाला मुरबे, दुसऱ्या काठाला सातपाटी, आणि वर उत्तरेला बोईसर-तारापूर. डहाणूपासून वसईपर्यंतच्या या किनाऱ्यावर मांगेला, वैती, कोळी समाजाची वस्ती, आणि घराघरात मासळीचा धंदा. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस मुरब्याच्या एका नौकेला दीडशेच्या वर घोळ मासे एकाच वेळी मिळाले आणि ते सव्वा कोटीहून जास्त रुपयांना गेले, तेव्हा गावाचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. ती लॉटरी एखाद्याच नौकेच्या नशिबी. रोजच्या ताटात मात्र बोंबील, मांदेली, जवळा आणि त्याच्या जोडीला परसातली मिरची. दोन-चार रोपं नाहीत असं परस आमच्या आळीत मला आठवत नाही.

रोपाची जागाही ठरलेली असे. न्हाणीचं पाणी जिथून वाहून जाई त्याच्या कडेला, पण थेट प्रवाहात नाही. भिंतीच्या आडोशाला, म्हणजे समुद्राकडचा खारा वारा अंगावर येणार नाही आणि सकाळचं ऊन मात्र मिळेल. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. माझी आजी मासे धुतलेलं पाणी एक दिवस नारळाला घाली, एक दिवस मिरचीला. ‘तिलापण वास लागतो गं माशाचा,’ असं म्हणायची. त्या पाण्यातून रोपाला नत्र मिळतं, हे मला पुढं पुस्तकात वाचायला मिळालं.

आमच्या स्वयंपाकघरात मिरचीचे दोन संसार. एक लाल, एक हिरवा. लाल मिरची एप्रिल-मे महिन्यांत घरात येई. उन्हात कडकडीत वाळवायची, देठं काढायची, धणे-हळकुंडांबरोबर कुटून वर्षाचा मसाला बरण्यांत भरायचा. तो मसाला म्हणजे घरची बेगमी. हिरवी मिरची मात्र रोजची. दाराबाहेर जायचं, पाच-सहा तोडायच्या आणि आत येऊन पाट्यावर ठेवायच्या. लाल मिरची कालवणाला रंग आणि खोली देते, हिरवी मिरची वास देते. हा वास ताजेपणाचा असतो. फ्रिजमध्ये आठ दिवस राहिलेल्या मिरचीत तिखटपणा तेवढाच सापडेल, पण देठ तोडताक्षणी नाकात शिरणारा तो हिरवा वास गेलेला असतो. घरी मिरची लावायची ती पैशापेक्षा या वासासाठी.

तो वास ओळखायचा तर ओल्या बोंबलांत. आठ-दहा बोंबील साफ करून दोन-दोन तुकडे करा. सहा-सात हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि बोटाच्या पेराएवढं आलं वाटून घ्या. वाटण अगदी गंधासारखं नको, जरा भरड असू द्या. तेलात दोन ठेचलेल्या लसूण पाकळ्या टाका, त्यांवर वाटण परता, हळद, मीठ, चिंचेचा कोळ घाला. वाटणाचा कच्चा वास गेला की बोंबील सोडा. वरून पाणी घालू नका, बोंबलाला स्वतःचंच पाणी पुष्कळ सुटतं. डावानं ढवळू नका, टोप दोन्ही हातांनी धरून हलवा. सात-आठ मिनिटांत कालवण तयार. तांदळाच्या भाकरीबरोबर याला दुसरं काही लागत नाही.

पावसाळ्यात या हिरव्या संसाराचं महत्त्व आणखी वाढे. १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, घरात सुके बोंबील, सुका जवळा, वाकट्या. सुक्या मासळीला ताजी हिरवी मिरची लागतेच. जवळा कोरडा भाजायचा, धुऊन निथळायचा, भरपूर कांदा आणि उभ्या चिरलेल्या मिरच्या तेलावर परतून त्यात टाकायचा, दोन कोकमं घालून झाकण ठेवायचं. बाहेर धो-धो पाऊस असताना हे पानात पडलं, की बंदीचे दिवस सुसह्य होत. शाकाहारी वाचकांनी जवळ्याच्या जागी बटाट्याच्या काचऱ्या घ्याव्यात. मिरचीची काही तक्रार नसते.

इतकी घरची झालेली ही मिरची मुळात आपली नाही, हे सांगितलं तर अजूनही पुष्कळांना खरं वाटत नाही. कोलंबस अमेरिकेहून परतला तेव्हा, १४९३ साली, ती युरोपात पोचली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्याकडचा तिखटपणा मिऱ्यांचा, पिंपळीचा आणि आल्याचा. ‘मिरची’ हे नावसुद्धा मिऱ्यावरून, संस्कृतातल्या ‘मरिच’वरून आलेलं. आमचा किनारा तर पोर्तुगीजांच्या अगदी अंगणातला. वसई त्यांनी १५३४ साली घेतली. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर इथं त्यांचे कोट उभे राहिले. १७३९ च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या फौजेनं तारापूर घेतलं, मे महिन्यात वसई पडली आणि फिरंगी गेले. मिरची मात्र राहिली. तिला कुणी परकी म्हणालं नाही. आज तर गावागावांची तिच्यावर मालकी आहे. विदर्भात भिवापूरची, कर्नाटकाच्या सीमेपलीकडं ब्याडगीची, कोल्हापूरकडं संकेश्वरी आणि लवंगी. गोव्यात काणकोणच्या खोल्याच्या मिरचीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

आमच्याही जिल्ह्यात मिरचीचं मोठं राज्य आहे. बोईसरच्या पुढचं स्टेशन वाणगाव. त्या पट्ट्यात आणि डहाणूकडं मिरचीचे मळेच्या मळे आहेत, तिखट मिरचीचे आणि ढोबळीचेही. मोठ्या मळ्यातलं पीक म्हटलं की औषधाच्या फवारण्या आल्याच. तिथल्या शेतकऱ्याला दोष द्यायचा नाही. मिरचीवर रोग-किडींचा मारा मोठा असतो. २०२१-२२ च्या हंगामात आंध्र-तेलंगणात काळ्या फुलकिड्यांनी मिरचीचे हजारो एकर उजाड केले होते. ज्याचं पोट पिकावर आहे त्याला वाट पाहत बसता येत नाही. आपल्याला मात्र बसता येतं. चार रोपांपैकी एक गेलं तरी घर बुडत नाही. म्हणून कच्ची खायची मिरची, म्हणजे ठेच्याची, कोशिंबिरीची, भाकरीबरोबर चावायची, तेवढी तरी घरची असावी असं मला वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, परस कुठं आहे? खरं आहे. मीसुद्धा बोईसरला सोसायटीत राहते आणि माझं परस म्हणजे खिडकीच्या लोखंडी जाळीतल्या सहा कुंड्या. तेवढ्यावर चार माणसांच्या घरची मिरची बहुतेक भागते. पाच-सहा तास ऊन येत असेल तर कुठंही जमतं.

सुरुवात बियांपासून करावी. बाजारातून आणलेल्या हिरव्या मिरचीच्या बिया कोवळ्या असतात, त्या धड रुजत नाहीत. झाडावर पूर्ण लाल झालेली मिरची घ्या, सावलीत सुकवा आणि मग बी काढा. पाकिटातलं बी हवं असेल तर ‘पुसा ज्वाला’ सगळीकडे मिळते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण कीर्ती’ आपल्या हवेसाठीच काढलेली आहे. पसरट भांड्यात भुसभुशीत माती आणि चाळलेलं शेणखत घालून अर्ध्या पेराएवढ्या खोलीवर बी पेरा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. या काळात पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. माती चिखलासारखी राहिली तर इवलीशी रोपं बुंध्याशी कुजून आडवी होतात. पाच-सहा आठवड्यांनी, रोप वीतभर झालं की एकेका कुंडीत एकेक लावा. कुंडी फूटभर खोल हवी आणि तिच्या बुडाला भोक हवंच. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग वाळू एवढं मिश्रण पुरे. समुद्रावरची वाळू मात्र उचलून आणू नका. तिच्यात मीठ असतं आणि मिरचीला मीठ सोसत नाही.

मिठाचा हा मुद्दा आमच्या किनाऱ्यावर फार महत्त्वाचा. उन्हाळ्यात विहिरींचं पाणी मचूळ होतं. असं पाणी सतत दिलं की पानांच्या कडा करपतात, वाढ खुंटते. अशा वेळी पिण्याच्या पाण्यातलं थोडं मिरचीला द्या, आणि पावसाळ्यात एक-दोनदा कुंडी पावसाखाली ठेवा, म्हणजे साठलेलं मीठ धुऊन जाईल. मासे धुतलेलं पाणी द्यायचं तर तेही मीठ लावण्याआधीचं. पाण्याच्या बाबतीत आम्हा लोकांची आणखी एक काळजी आहे. तारापूरच्या कारखान्यांचं सांडपाणी आमच्या शेजारच्या नवापूरच्या समुद्रात जातं. त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि २०२२ च्या जानेवारीत लवादानं कारखान्यांना भरपाई भरायला सांगितलं. पाणी चांगलं की वाईट हे माणसाआधी मासा आणि झाड सांगतं, असं आमच्याकडचे जुने लोक म्हणतात.

लावल्यापासून दीड-दोन महिन्यांत पांढरी फुलं येतात. भर उन्हाळ्यात फुलं गळली तर घाबरू नका. पारा पस्तिशीच्या वर गेला की मिरची फुलं टाकते. दुपारी सावली द्या, उन्हं उतरली की पुन्हा धरेल. झाड नुसतंच हिरवंगार, पानोपान भरलेलं आणि मिरची मात्र नाही, असं झालं तर खत जास्त झालं असं समजा. मिरची हिरवी असतानाच तोडत राहावी, म्हणजे झाड नव्या फुलांच्या मागं लागतं. सगळ्या मिरच्या लाल होऊ दिल्या की त्याला वाटतं आपलं काम झालं.

पानं वळायला लागली की पुष्कळजण ‘बोकड्या आला’ म्हणून रोप उपटूनच टाकतात. आधी पानाकडं नीट बघा. कडा वरच्या बाजूला वळून द्रोणासारखं पान झालं असेल तर तो फुलकिड्यांचा प्रताप. कडा खाली वळल्या असतील तर कोळी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे. दोन्हींवर निंबोळीचा उपाय चालतो. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. आठवड्यानं पुन्हा एकदा. नवी पानं मात्र बारीक, पिवळट आणि गुच्छासारखी येऊ लागली, झाड बुटकं राहिलं, तर तो विषाणू. पांढरी माशी तो पसरवते. त्याला औषध नाही. ते रोप काढून टाकलेलं बरं, म्हणजे शेजारची वाचतील.

एक समज जाता जाता खोडून काढते. ढोबळी मिरची तिखट मिरचीशेजारी लावली तर ढोबळीही तिखट होते, असं सर्रास सांगतात. त्या झाडाची फळं तशी होत नाहीत. मात्र दोघींच्या फुलांचा संकर झाला असेल तर त्या फळातल्या बियांपासून पुढल्या वर्षी काय उगवेल ते सांगता येत नाही. बी धरायचं असेल तर दोघींना दूर ठेवा.

तिखटपणाबद्दलही असाच एक गैरसमज आहे. तिखटपणा बियांत असतो म्हणून आपण बिया झटकून टाकतो. खरं तर तो असतो बिया जिला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत. ती काढली की निम्म्याहून जास्त काम झालं. मुलांसाठी भरली मिरची करताना हे लक्षात ठेवावं. आणि तिखट ही मुळी चवच नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या दाराची कडी वाजवतं, तेच दार कढत पदार्थानंही उघडतं. म्हणून तिखट लागलं की आपण ‘जीभ भाजली’ म्हणतो, आणि शरीराच्या हिशेबी ते खरंच असतं. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९९७ साली हे दार शोधून काढलं आणि २०२१ साली त्याला आर्डेम पॅटापूटियन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. तेव्हा तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग नाही, दूध किंवा दही घ्यावं. मिरच्या चिरून हात चुरचुरत असतील तर आधी गोडं तेल चोळावं, मग साबण लावावा. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र हे दार मिरचीला उघडतच नाही. म्हणून तर बुलबुल लाल मिरची खुशाल गिळतो आणि कुंपणाच्या तारेखाली न पेरलेलं रोप उगवतं.

बियांवरून मला पोफरणच्या एका मावशींची आठवण होते. तारापूरच्या अणुशक्ती केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. पुढं तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. मावशींना नव्या वसाहतीत घर मिळालं. जुन्या घरून काय काय आणलं, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, ‘दारं-खिडक्या आणल्या, पाटा आणला. विहीर काय आणता येते होय? मिरचीचं बी मात्र लुगड्याच्या टोकाला बांधून आणलं.’ त्या बियांची रोपं नव्या दारात लावली, पण दोन वर्षं नीट धरली नाहीत. माती वेगळी होती. तिसऱ्या वर्षी धरली. तोवर त्या दर पावसाळ्यात पुन्हा पेरत राहिल्या.

आज हे आठवायला कारण आहे. वाढवणच्या बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला झालं. मुरब्यातही बंदराचा प्रस्ताव पुढं आला आणि गावातून त्याला विरोध झाला. बंदर हवं की नको, याचा निवाडा या लेखात करता येणार नाही. पण माहेरी गेले की माझ्या लक्षात येतं, परसं पेव्हर ब्लॉकनं बंद होत चालली आहेत, आणि एखादीला म्हटलं, ‘अगं, दोन रोपं लाव की,’ तर ती म्हणते, ‘काकी, आता इथलं काय राहतंय आणि काय जातंय!’ तिचा त्रागा मला कळतो. मिरचीचं रोप लावायचं म्हणजे आजपासून तीन महिन्यांनी आपण याच दारात, याच पाट्याशी असू, एवढं धरून चालायचं असतं. गावाला तेवढीही खात्री वाटेनाशी व्हावी, याची चुटपूट मनाला लागते.

आणि तरीही मी तिच्या हातात पुडी देतेच. कारण मिरचीचं बी थंड, कोरड्या जागी दोन-तीन वर्षं टिकतं, त्यापुढं उगवण कमी कमी होत जाते. घराण्याची मिरची टिकवायची तर बरणीत ठेवून भागत नाही, ती दर एक-दोन वर्षांनी मातीत घालावीच लागते. सासूनं सुनेला, शेजारणीनं शेजारणीला द्यावी लागते. आमच्या सोसायटीत विदर्भातली, खानदेशातली, बिहारमधली कुटुंबं आहेत. औद्योगिक वसाहतीनं सगळ्यांना एका जिन्यात आणून ठेवलंय. गेल्या दोन वर्षांत आमच्यात पाच तऱ्हांच्या मिरच्यांच्या पुड्या फिरल्या. त्यामुळं कुणाचा ठेचा जास्त झोंबतो, यावरून जिन्यात भांडणंही झाली, आणि ती मला फार आवडली.

तेव्हा कुठं मिरचीचं भरलेलं झाड दिसलं, तर त्या घरच्या बाईंना दोन फळं लाल होऊ देण्याची विनंती करा. एक फळ त्यांच्या बियाण्यासाठी, एक तुमच्यासाठी. सावलीत सुकवा, बी काढा, कागदाच्या पुडीत बांधा आणि पुडीवर गावाचं नाव लिहा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरा. गौरी-गणपतीच्या सुमारास फुलं येतील आणि नवरात्र संपेतो पहिला ठेचा होईल. भाजीवालीपुढं हात करायची वेळ येणार नाही. उलट जमलं तर पुढच्या खेपेला चार मिरच्या तुम्हीच तिच्या टोपलीत टाका.